अणूंची जुळवाजुळव

(डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तू माणूस कशा घडवतो आणि त्या कामात शासन, विद्यापीठे व कारखाने यांनी एकत्र का यावे लागते, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या उर्दूच्या पुस्तकात 'जर्रा' हा शब्द अनेकदा येतो. जर्रा म्हणजे अगदी बारीक कण. मराठीत आपण 'जरा थांब', 'जरा पाणी दे' असे म्हणतो. हा 'जरा' त्याच 'जर्रा' शब्दापासून आला आहे. आज आपण अशाच बारीक कणांची गोष्ट वाचणार आहोत. पण तिची सुरुवात आपल्या मिरजेपासून करू या.

सांगली जिल्ह्यातील मिरज हे गाव सतारी आणि तंबोरे यांसाठी प्रसिद्ध आहे. पूर्वी शस्त्रांना धार लावण्याचे काम करणाऱ्या शिकलगार घराण्यांतील कारागीर एकोणिसाव्या शतकात वाद्ये बनवू लागले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याच्या तारा ज्या पट्टीवर टेकतात तिला घोडी म्हणतात. कारागीर ही घोडी कानशीने किंचित घासतो, तार छेडतो, कान देऊन ऐकतो आणि पुन्हा घासतो. याला 'जवारी काढणे' म्हणतात. किती घासले हे डोळ्यांना दिसत नाही, पण आवाजातला फरक कानाला कळतो.

याहून बारीक काम करता येईल का? येते. पण तेथे हात, डोळा आणि कान हे तिन्ही कमी पडतात. तेथे नॅनो तंत्रज्ञान लागते.

एका मिलिमीटरचे दहा लाख सारखे भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाचा केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. आपले नख दर सेकंदाला साधारण एक नॅनोमीटर वाढते. म्हणजे हे वाक्य वाचेपर्यंत तुमचे नख काही नॅनोमीटर वाढलेसुद्धा !

पदार्थ इतका लहान झाला की त्याचे गुणही बदलतात. सोने पिवळे असते, हे सर्वांना माहीत आहे. पण सोन्याचे काही नॅनोमीटर आकाराचे कण पाण्यात मिसळले, तर ते पाणी लाल दिसते. म्हणूनच शास्त्रज्ञांना या जगाचे इतके आकर्षण वाटते.

एवढ्या लहान वस्तू बनवायच्या कशा? याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत कोरण्याची. मोठ्या वस्तूतून नको तो भाग काढत जायचे. संगणकाच्या आतील चिपा मुख्यतः या रीतीने तयार होतात. दुसरी रीत जोडण्याची. लहान लहान कण जुळवून वस्तू उभी करायची. १९८९ साली अमेरिकेतील एका शास्त्रज्ञाने झेनॉन वायूचे ३५ अणू एकेक करून सरकवले आणि त्यांतून आपल्या कंपनीच्या नावाची तीन अक्षरे लिहिली. सारे जग थक्क झाले. पण एकेक अणू सरकवून कारखाना चालेल काय?

नाही चालणार. म्हणून अणूंनी आपण होऊन रांगेत बसावे, अशी व्यवस्था करावी लागते. खडीसाखर कशी होते, ते आठवा. साखरेच्या दाट पाकात दोरा सोडून ठेवतात. साखरेचे रेणू एकेक करून दोऱ्यावर बसतात आणि हळूहळू खडे तयार होतात. कोणी त्यांना उचलून बसवत नाही. नॅनो जगातही अशी जुळणी करता येते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात गेली अनेक वर्षे असे काम चालू आहे. तेथे रसायनांच्या द्रावणात काच बुडवून तिच्यावर अतिशय पातळ थर बसवतात. अशा थरांचा उपयोग सौरघट आणि वायू ओळखणारी साधने यांसाठी होऊ शकतो. १९६२ साली स्थापन झालेल्या याच विद्यापीठाच्या क्षेत्रात सातारा आणि सांगली हे जिल्हेही येतात.

थर बसवायला साधे काचपात्र पुरते. परंतु तो थर कसा बसला, हे पाहायला शक्तिशाली सूक्ष्मदर्शक लागतो. चिपा बनवायच्या असतील तर स्वच्छ कक्ष लागतो. त्यातील हवा सतत गाळलेली असते. काम करणारे डोक्यापासून पायापर्यंत खास पोशाख घालतात, कारण कपड्यावरील धुळीचा एक कणही चिपेवर डोंगरासारखा पडतो. ही साधने कोट्यवधी रुपयांची असतात. ती एका महाविद्यालयाला परवडत नाहीत. लहान कारखान्यालाही परवडत नाहीत. मग काय करावे?

याचे उत्तर सातारकरांना नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत आणि एकत्र जेवत. गरीब मुलांच्या शिक्षणासाठी पैसा कोठून आणायचा? कर्मवीरांनी मुष्टिफंडाची योजना चालवली. घरोघरच्या स्त्रिया मूठभर धान्य बाजूला काढून ठेवीत. एका मुठीने एक पोटही भरत नाही. पण अनेक मुठींनी वसतिगृह चालते.

नॅनो संशोधनातही अनेकांच्या मुठी एकत्र याव्या लागतात. येथे मोठी मूठ शासनाची, म्हणजे कर भरणाऱ्या जनतेची असते. २००६ साली केंद्र शासनाच्या मदतीने मुंबईची आय. आय. टी. आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था येथे नॅनो इलेक्ट्रॉनिक्सची केंद्रे सुरू झाली. २००७ साली शासनाने 'नॅनो मिशन' हाती घेतले आणि पाच वर्षांसाठी १,००० कोटी रुपये मंजूर केले. त्यातून देशभरच्या संशोधनाला बळ मिळाले.

पण प्रयोगशाळा उभारून तिला कुलूप लावले, तर काय उपयोग? म्हणून २००८ साली आणखी एक कार्यक्रम सुरू झाला. या दोन केंद्रांची दारे देशातील इतर विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या संशोधकांसाठी उघडली गेली. संशोधकाने आपली कल्पना लिहून पाठवायची. निवड झाली की त्याला तेथे प्रशिक्षण मिळते आणि यंत्रे वापरता येतात. पूर्वी साधन नाही म्हणून कित्येक कल्पना वहीतच राहत. आता कऱ्हाड किंवा मिरज येथील संशोधकालाही हा रस्ता मोकळा झाला.

तिसरी मूठ उद्योगाची. प्रयोगशाळेत एक वस्तू बनवणे वेगळे आणि हजारो वस्तू अगदी सारख्या बनवणे वेगळे. त्यासाठी कारखानदाराचे कौशल्य लागते. मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये वाढीला लागलेल्या एका नव्या कंपनीने 'नॅनोस्निफर' नावाचे यंत्र तयार केले. दुसऱ्या एका कंपनीच्या साहाय्याने २०२१ साली ते बाजारात आले. सामानावर स्फोटक पदार्थाचा केवळ काही नॅनोग्रॅम अंश असला, तरी हे यंत्र तो ओळखते. एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. हा एवढासा जर्रा वेळीच सापडला, तर कितीतरी माणसांचे प्राण वाचू शकतात.

मात्र या शास्त्रात सावधगिरीही हवी. इतके बारीक कण श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जाऊ शकतात. म्हणून नवी वस्तू उपयोगी आहे काय, हे पाहताना ती निर्धोक आहे काय, हेही तपासावे लागते. पैसा जनतेचा आहे; तेव्हा हा प्रश्न विचारण्याचा हक्कही जनतेचा आहे.

मित्रांनो, मिरजेचा कारागीर एका झटक्यात जवारी काढत नाही. तो घासतो, ऐकतो आणि पुन्हा घासतो. शास्त्रज्ञही तसेच करतो. तुमच्यापैकी कोणाला हे काम करावेसे वाटले, तर 'आमच्या गावात यंत्रे नाहीत' म्हणून मागे हटू नका. यंत्रे सर्वांची आहेत. ती वापरण्याइतके शिकणे आणि मनातील कल्पना नीट लिहून पाठवणे, ही तुमची मूठ आहे.

शब्दार्थ
कानस – धातू, लाकूड किंवा हाड घासण्याचे खरखरीत हत्यार
छेडणे – तार बोटाने वाजवणे
द्रावण – द्रवात पदार्थ विरघळून झालेले मिश्रण
निर्धोक – ज्यापासून धोका नाही असे
मुष्टी – मूठ

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जवारी काढणे म्हणजे काय?
(आ) स्वच्छ कक्षात खास पोशाख का घालतात?
२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) सूक्ष्म वस्तू बनवण्याच्या दोन रीती कोणत्या?
(आ) मुष्टिफंड आणि नॅनो संशोधन यांत लेखकाला कोणते साम्य दिसते?
३. 'जरा' या शब्दाप्रमाणे उर्दू व मराठीत वापरले जाणारे पाच शब्द शोधा आणि ते मराठी वाक्यांत वापरा.