कीड सल्ल्याचे संकेतस्थळ : वापरकर्त्यांच्या सूचनांचे संकलन आणि प्राधान्यक्रम

कपाशीत गुलाबी बोंडअळीचा एखादा पतंग दिसला म्हणून लगेच फवारणीची शिफारस केली जात नाही. कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री प्रत्येकी ८ पतंग आढळले किंवा १० टक्के फुले अथवा बोंडे प्रादुर्भावग्रस्त दिसली, तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली गेली असे आपण मानतो. आधी मोजणी, मग निर्णय ही शिस्त शेतात रुजली आहे. परंतु शासकीय संकेतस्थळाच्या सुधारणेसाठी येणाऱ्या सूचनांना ती क्वचितच लावली जाते. ज्या मागणीचा आवाज मोठा, तिचे काम आधी होते.

महाराष्ट्रात २००९-१० पासून ‘क्रॉपसॅप’ प्रकल्पातून कीड सर्वेक्षण व सल्ला दिला जातो. १५ ऑगस्ट २०२४ रोजी देशपातळीवर राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली सुरू झाली. सल्ल्याचा प्रवास असा पडद्यावरून होऊ लागल्याने पानावरील चूक थेट फवारणी पंपापर्यंत पोहोचू शकते. म्हणून सूचनांची निवड काळजीपूर्वक व्हावयास हवी.

सूचना कशा गोळा कराव्यात?

केवळ अभिप्राय अर्जावर विसंबणे म्हणजे बांधावर उभे राहून शेताचे निरीक्षण करणे होय. गुलाबी बोंडअळीने पोखरलेले बोंड बाहेरून निरोगी दिसते. ते फोडल्याशिवाय अळी दिसत नाही. त्याचप्रमाणे ज्या शेतकऱ्यास हवी ती माहिती सापडत नाही, तो तक्रार न करता पान बंद करतो. यासाठी पुढील पद्धती उपयुक्त ठरतात.

१. शेतीशाळेत ५-६ शेतकऱ्यांच्या हाती भ्रमणध्वनी देऊन ‘या किडीवरील उपाय शोधा’ असे सांगावे. आपण मदत न करता ते कोठे अडतात, याची नोंद घ्यावी. त्यांत महिला शेतकरी आणि साधा फोन वापरणारे अवश्य असावेत.

२. शोधचौकटीत टाइप केलेले, परंतु उत्तर न मिळालेले शब्द दरमहा तपासावेत. शेतकरी ‘डोमकळी’ शोधतो आणि पानावर केवळ ‘पेक्टिनोफोरा गॉसिपिएला’ लिहिलेले असेल, तर माहिती असूनही ती नसल्यासारखीच.

३. प्रत्येक सूचनेत पीक, पानाचे नाव, काय शोधले, काय मिळाले आणि त्यावर कोणता निर्णय अवलंबून होता, या ५ बाबी लिहाव्यात. ‘संकेतस्थळ चांगले करा’ या वाक्यावर कोणालाही काम करता येत नाही.

प्राधान्य कसे ठरवावे?

प्रत्येक सूचनेला ३ प्रश्न विचारून ० ते ३ गुण द्यावेत : दुरुस्ती न झाल्यास पीक, पैसा वा आरोग्य यांचे किती नुकसान होईल? किडीच्या हंगामानुसार काम किती तातडीचे आहे? किती वापरकर्त्यांना अडचण येते? कामास लागणारे श्रम वेगळे नोंदवावेत. गुण समान असल्यास सोपे काम आधी घ्यावे. मात्र विषबाधा अथवा चुकीच्या कीटकनाशकाचा धोका असेल, तर गुणांची वाट न पाहता ते पान त्याच दिवशी दुरुस्त करावे किंवा काढून घ्यावे.

नमुन्यादाखल ४ सूचना पाहू.

• कपाशीच्या जुन्या पुस्तिकेत ट्रायझोफॉसची शिफारस कायम आहे. सूचना एकाच व्यक्तीची. परंतु या कीटकनाशकावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. कार्यवाही तत्काळ.

• मात्रा साध्या पंपासाठी आहे की पॉवर पंपासाठी, याचा उल्लेख नाही. यातही चुकीच्या मात्रेचा धोका असल्याने कार्यवाही तत्काळ.

• ‘डोमकळी’ शोधल्यास उत्तर मिळत नाही. नुकसान २, तातडी ३, व्याप्ती २, एकूण ७. जूनमध्ये लावलेली कपाशी फुलावर येण्यापूर्वी, म्हणजे जुलैअखेर, काम पूर्ण व्हावे.

• मुखपृष्ठावरील छायाचित्रे बदलावीत. मागणी अनेकांची, परंतु नुकसान ०, तातडी ०, व्याप्ती ३, एकूण ३. हंगाम संपल्यावर पाहता येईल.

तक्रारींची केवळ संख्या मोजली असती, तर शेवटची सूचना पहिली ठरली असती.

सूचनेची पोच

सूचना देणाऱ्यास ती स्वीकारली, पुढे ढकलली की नाकारली, हे कारणासह कळवावे. उत्तर न मिळालेला शेतकरी पुन्हा सूचना देत नाही आणि आपले सर्वेक्षण तेथेच खंडित होते. दुरुस्त केलेल्या पानावर पुनरावलोकनाची तारीख ठळक असावी. खरिपापूर्वी मे महिन्यात आणि रब्बीपूर्वी सप्टेंबरमध्ये फवारणी शिफारशींची सर्व पाने विषयतज्ज्ञाने नव्याने तपासावीत.

विस्तार कार्यकर्त्यांनी व प्रगतिशील शेतकऱ्यांनी येत्या शेतीशाळेत किमान एका पानाची अशी चाचणी घ्यावी आणि आढळलेली अडचण वरील ५ बाबींसह संबंधित कार्यालयास कळवावी. वेळेवर नोंदविलेले एक निरीक्षण जसे पीक वाचविते, तशीच नेमकी लिहिलेली एक सूचना अनेकांची चुकीची फवारणी टाळू शकते.