दारासुरमच्या पायऱ्या आणि अब्जांश उष्मागतिकी

तमिळनाडूतील कुंभकोणमलगतच्या दारासुरम् येथील ऐरावतेश्वर मंदिर दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात उभारले. २००४ मध्ये त्याचा युनेस्कोच्या जागतिक वारशात समावेश झाला. तेथील बलिपीठाजवळच्या दगडी पायऱ्यांवर आघात केला असता निरनिराळे स्वर उमटतात. दगडाच्या गुणधर्माबरोबरच त्याची लांबी, जाडी व बांधणी यांवर कंपनसंख्या ठरते. बंदिस्त इलेक्ट्रॉन हाही तरंगच असल्याने त्याच्या ऊर्जापातळ्याही कोंडणाऱ्या जागेच्या आकारावर अवलंबून असतात.

याचे गणित कुंभकोणममध्येच वाढलेल्या श्रीनिवास रामानुजन यांच्या कार्याशी जोडलेले आहे. हार्डी व रामानुजन यांनी १९१८ मध्ये पूर्णांकाच्या विभाजनांचे सूत्र दिले. ४ ची विभाजने पाच होतात. पण केवळ वर्गसंख्या वापरल्यास दोनच (४ आणि १+१+१+१). दोलकाच्या पातळ्या समान अंतरावर असतात, तर एकमितीय पेटीतील पातळ्या पूर्णांकांच्या वर्गांच्या प्रमाणात वाढतात. कणसंख्येचे बंधन नसलेल्या बोसॉनांना एकूण ऊर्जा वाटण्याच्या रीती मोजणे म्हणजे ही विभाजनेच मोजणे. म्हणून ऊर्जा मोठी असता एन्ट्रॉपी दोलकात ऊर्जेच्या वर्गमुळाच्या, तर पेटीत घनमुळाच्या प्रमाणात वाढते. दिल्लीचे औलक व दौलतसिंह कोठारी यांनी हा संबंध १९४६ मध्ये विस्ताराने मांडला.

मोठ्या पात्रातील वायूसाठी आकारमान, तापमान आणि कणसंख्या पुरेशी असते. पाठ्यपुस्तकातील हे गृहीतक अब्जांश पातळीवर ढासळते. भिंतीलगत कण आढळण्याची शक्यता घटते व तेथे जणू एक रिकामा थर तयार होतो. एका पोकळ चौकोनात दुसरा चौकोन ठेवून तो नुसता फिरवला, तर आकारमान व पृष्ठफळ बदलत नाही. मात्र कोपऱ्यांपाशी हे थर एकमेकांवर येतात आणि कणांना वस्तुतः उपलब्ध जागा बदलते. आयदिन व शिश्मान यांनी २०१९ मध्ये दाखविले की, अशा वेळी स्थिर तापमानाला मुक्त ऊर्जा व एन्ट्रॉपी एकाच वेळी घटू शकतात. नेहमीच्या प्रसरणात एन्ट्रॉपी वाढते. त्या सवयीला हा धक्काच आहे. (दुसरा नियम मात्र अबाधित राहतो, कारण प्रणाली उष्णता बाहेर टाकते.)

हा परिणाम केव्हा जाणवतो, ते औष्णिक तरंगलांबीवरून ठरते. ३०० केल्विनला मुक्त इलेक्ट्रॉनासाठी ती सुमारे ४.३ नॅनोमीटर असते. गॅलियम आर्सेनाइडमध्ये परिणामी वस्तुमान कमी असल्याने ती सुमारे १७ नॅनोमीटरपर्यंत जाते. हेलियम अणूसाठी ती जेमतेम ०.०५ नॅनोमीटर भरते.