बोट लावून ताप पाहू नका

संगणक ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग करायचं, हा छंद आता बऱ्याच घरांत शिरला आहे. कॅबिनेटची एक बाजू काढून ठेवलेली, शेजारी टेबलफॅन लावलेला आणि अधूनमधून आत हात घालून बोट टेकवून बघायचं, फार तापलंय का? या छंदाला माझा विरोध नाही. वीज आणि उष्णता यांबद्दल मुलं त्यातून जेवढं शिकतात, तेवढं पुस्तकातून क्वचितच शिकतात. पण बोटाने तापमान पाहायची सवय आजपासून सोडा, हे मी कळकळीने सांगतो.

तापतं काय, ते आधी पाहू. प्रोसेसरवर भलामोठा कूलर असतो आणि सगळ्यांचं लक्षही तिकडेच असतं. अडचण होते ती त्याला खेटून असलेल्या व्हीआरएमची, म्हणजे व्होल्टेज नियंत्रित करणाऱ्या भागाची. पॉवर सप्लायकडून आलेले १२ व्होल्ट उतरवून प्रोसेसरला लागणारे सव्वा-दीड व्होल्ट करून देणं हे तिथल्या मॉस्फेट नावाच्या ट्रान्झिस्टरांचं काम. त्यात थोडी वीज उष्णता होऊन वाया जातेच. प्रोसेसरला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढते. वेग ४ गिगाहर्ट्झवरून ४.६ केला आणि त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३५ वर नेलं, तर वेग १५ टक्के वाढतो, वीज मात्र जवळपास ४५ टक्के जास्त लागते. प्रोसेसर २०० वॅट ओढत असेल आणि व्हीआरएमची कार्यक्षमता ९० टक्के असेल, तर वीस-बावीस वॅट उष्णता बोर्डावरच्या त्या चिंचोळ्या पट्टीतच तयार होते.

मॉस्फेट ती सोसतात. त्यांतल्या अनेकांची आतली मर्यादा १५० अंश सेल्सिअस असते, त्यामुळे ९० अंशांवर ते मुकाट चालत राहतात. आपली त्वचा त्या मानाने फार नाजूक. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेलं काम भाजण्याच्या अभ्यासात आजही पायाभूत मानलं जातं. त्यानुसार ४४ अंशांवर त्वचा जळायला सुमारे सहा तास लागतात, ६० अंशांवर पाचेक सेकंद पुरतात आणि ७० अंशांवर एक सेकंदही लागत नाही. म्हणजे मदरबोर्डच्या दृष्टीने जे तापमान अगदी साधं, ते बोटाला जाळणारं असतं. तळहाताची कातडी जाड असल्याने मोठ्या माणसाचं निभावून जातं, लहान मुलाचं आणि वृद्धाचं नाही. ज्यांना जुना मधुमेह आहे आणि हातापायांना बधिरपणा आला आहे, त्यांनी तर चालू कॅबिनेटमध्ये हात घालूच नये. चटका बसल्याचं त्यांना उशिरा कळतं, कधी कळतही नाही.

चटका बसलाच तर लगेच नळाच्या साध्या पाण्याच्या धारेखाली तो भाग पूर्ण वीस मिनिटं धरा. दोन मिनिटं धरून हात काढू नका. बोटात अंगठी असेल तर सूज येण्याआधी उतरवा. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप यांतलं काहीही लावू नका आणि बर्फ चोळू नका. फोड आला तर फोडू नका. भाजलेलं विजेच्या धक्क्याने असेल, तर जखम टिचभर असली तरी दवाखान्यात जा, कारण आतलं नुकसान वरून दिसत नाही.

तापमान पाहायचं तर संगणकातलं सॉफ्टवेअर अनेक मदरबोर्डांवर व्हीआरएमचा आकडा दाखवतं. नाहीतर कारखान्यांत वापरतात तो इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. चकचकीत धातूवर तो खूप कमी दाखवतो, म्हणून संगणक बंद असताना तिथे काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवा. कोविडच्या काळात घेतलेला कपाळाचा थर्मामीटर मात्र इथे चालत नाही. शरीराच्या मोडमध्ये तो ४२-४३ अंशांच्या पुढे जातच नाही.

उपायांत सर्वांत गुणकारी आणि सर्वांत स्वस्त म्हणजे व्होल्टेज थोडं कमी करणं. त्यानंतर वारा. प्रोसेसरला पाण्याचा कूलर बसवला की जुन्या पंख्याचा व्हीआरएमवर पडणारा वारा बंद होतो, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. तिथे ८० किंवा १२० मिलिमीटरचा एक जाळीवाला पंखा नेमका त्या पट्टीवर रोखून बसवा. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं तापमान दहा अंशांनी उतरलं तर त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, एवढा त्या लहानशा पंख्याचा उपयोग आहे.

मॉस्फेटांवर छोटे हीटसिंक चिकटवताना काही जण थर्मल पेस्टमध्ये सुपरग्लू मिसळतात. हा गोंद सांडला तर सुती कापडाने पुसू नका. कापसाशी त्याची जोरदार अभिक्रिया होऊन उष्णता निर्माण होते आणि त्यानेच भाजू शकतं. बोटं चिकटली तर ओढून सोडवू नका, कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सुटी करा. डोळ्यात गेला तर पाण्याने धुवा, पापण्या बळेच उघडू नका आणि नेत्रतज्ज्ञांकडे जा. त्यापेक्षा थर्मल टेप वापरलेली केव्हाही बरी.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसरी तार कुठेच जोडलेली नसते. आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, ओव्हरक्लॉकिंग नंतर.

आणखी एक. पंखा कितीही मोठा लावला तरी बोर्डाचं तापमान खोलीच्या तापमानाखाली जात नाही. शिवाय काढलेली सगळी उष्णता खोलीतच सोडली जाते. ५०० वॅट ओढणारा संगणक म्हणजे खोलीत चालू ठेवलेला ५०० वॅटचा हीटर. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर असताना बंद खोलीत तासन्‌तास असं बसणं उष्माघाताला बोलावणं आहे. डोकं दुखणं, मळमळ, लघवी गडद होणं ही लक्षणं दिसली की संगणक बंद करून बाहेर या आणि पाणी प्या. माणूस असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात समजून अंग ओलं करत, वारा घालत रुग्णालय गाठा.

द्रव नायट्रोजन ओतून विक्रम करणाऱ्यांचे व्हिडिओ पाहून घरी तसं करणं मला अजिबात मान्य नाही. तो उणे १९६ अंशांवर असतो आणि एका लिटरचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. दहा फूट लांब-रुंद-उंच खोलीत पाच लिटर उडून गेला, तर प्राणवायू २१ टक्क्यांवरून साडेअठराच्या आसपास येतो. धाप लागून सावध होण्याची संधीही मिळत नाही, कारण धाप लागते ती कार्बन डायऑक्साइड साठल्याने. प्राणवायू याहून बराच खाली गेला तर माणूस सरळ भोवळ येऊन पडतो.

शेवटची गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. ओव्हरक्लॉकिंग फसलं आणि संगणक सुरूच होईना, की बायॉस पूर्ववत करायला मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल काढतात आणि टेबलावर ठेवतात. घरात रांगतं मूल असेल तर तो सेल क्षणभरही उघडा ठेवू नका. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर लाळेतून वीज वाहून तीव्र अल्कली तयार होतं आणि दोन तासांत अन्ननलिका खोलवर जळू शकते. सुरुवातीला मूल नुसती लाळ गाळतं किंवा खायला नको म्हणतं. शंका आली तरी थांबू नका, १०८ ला फोन करा, एक्स-रे आणि एंडोस्कोपीची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. उलटी करवू नका. मूल एक वर्षाहून मोठं असेल, गिळता येत असेल आणि सेल गिळून बारा तास झालेले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. दुसरं काही खायला-प्यायला देऊ नका आणि मधासाठी निघायला उशीर करू नका. तसाच दुसरा सेल किंवा त्याचं पाकीट हाताशी असेल तर सोबत घ्या, आणि सेलवरचा सीआर २०३२ हा क्रमांक पोहोचताच डॉक्टरांना सांगा.