विजेचा पाट आणि प्लॅस्टिकची दारे

आमच्या जिल्ह्यात पाण्याचे मोल कोणास सांगावे लागत नाही. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले आणि ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या प्रवरेच्या पाटांनी कोरडवाहू रानात ऊस उभा केला. पाटावरचे दार उचलले की चारीस पाणी सुटते, खाली सोडले की थांबते. विद्यार्थिमित्रहो, एवढी गोष्ट ध्यानी धरली तर ट्रान्झिस्टर म्हणजे काय हे समजण्यास अडचण पडणार नाही.

ट्रान्झिस्टर हे विजेच्या पाटावरील दार होय. त्यास तीन टोके असतात. एकातून वीज आत येते, दुसऱ्यातून बाहेर जाते व तिसरे, ज्यास ‘द्वार’ म्हणू, ते मधल्या पदार्थास न शिवता, एका पातळ विरोधक थराच्या आडून हुकूम चालविते. द्वारावर दाब दिला असता मधल्या पदार्थात विद्युद्भार गोळा होतात व वाट खुली होते. पहिला ट्रान्झिस्टर 1947 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन व ब्रॅटन यांनी सिद्ध केला. त्यातील पदार्थ जर्मेनियम होता. पुढे सिलिकॉन आले. परंतु सिलिकॉन 1414 अंश सेल्सियस उष्णतेस वितळते, आणि त्याचे शुद्ध स्फटिक बनविणे मोठे खर्चाचे काम आहे. शाईप्रमाणे कागदावर किंवा लवचिक पत्र्यावर छापता येईल असा अर्धवाहक मिळाला तर किती बरे होईल!

प्लॅस्टिक हे तर वीज अडविणारे, अशी सर्वांची समजूत. तारेवरील वेष्टण त्याचेच असते. प्लॅस्टिक म्हणजे कार्बनच्या अणूंची लांबच लांब साखळी. वेष्टणाच्या साखळीत सर्व बंध एकेरी असल्यामुळे इलेक्ट्रॉन जागच्या जागी जखडलेले असतात. मात्र एकेरी व दुहेरी बंध आळीपाळीने गुंफले, तर इलेक्ट्रॉनांस साखळीभर वाट मिळते. 1977 साली शिराकावा, मॅकडायार्मिड व हीगर यांनी अशाच एका साखळीवर आयोडीनचा प्रयोग करून तिची वाहकता लाखो पटींनी वाढविली. त्यास 2000 साली नोबेल पारितोषिक मिळाले. 1986 साली जपानात त्सुमुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिथायोफीनचा ट्रान्झिस्टर केला.

तथापि नुसती वाट असून भागत नाही. रचनाकारास तीन गोष्टींचा मेळ घालावा लागतो. साखळी सपाट असावी, म्हणजे वीज तिच्या अंगाने सरळ धावेल. शेजारच्या साखळ्या पत्त्यांप्रमाणे एकमेकींवर नीट बसाव्यात, म्हणजे भार एकीवरून दुसरीवर उडी घेईल. आणि साखळीस दोन्ही बाजूंनी केसांसारखी शेपटे जोडावीत, म्हणजे ती द्रावकात विरघळून तिची शाई होईल. शेपटे आखूड पडली तर शाई होत नाही; फार दाट झाली तर साखळ्या दुरावतात. एका बाजूची सोय दुसऱ्या बाजूस अडचण होते, आणि खरी परीक्षा येथेच आहे.

आता तर्काकडे वळू. एक हौद कल्पावा. वरचे दार पाणी भरते, खालचे रिकामे करते. एकाच हुकुमाने एक उघडावे व दुसरे मिटावे. हुकूम ‘आहे’ तर हौद रिता, हुकूम ‘नाही’ तर भरलेला. हेच ‘नकार’ मंडल. अशा जोड्या जुळवून गणकयंत्राचा सारा हिशेब उभा राहतो. पण दोन्ही दारे एकाच जातीची असतील, तर एकास नेहमी किंचित उघडे ठेवावे लागते व पाणी वाया जाते. म्हणून दुसऱ्या जातीचे प्लॅस्टिक हवे होते. एका जातीत इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा, म्हणजे विवरे, वाहतात; दुसरीत प्रत्यक्ष इलेक्ट्रॉन. हवेतील प्राणवायू व ओल हे इलेक्ट्रॉन हिरावून घेतात, म्हणून ही दुसरी जात बहुत वर्षे मागे राहिली. उपाय रसायनातच होता : साखळीत इलेक्ट्रॉनांस घट्ट धरणारे घटक गुंफावयाचे. 2009 साली फाकेत्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी नॅफ्थलीन डायइमाइडचा असा घटक वापरून हवेत टिकणारे व छापता येणारे ट्रान्झिस्टर दाखविले.

तरी सिलिकॉन हरले असे कोणी समजू नये. त्यातील इलेक्ट्रॉनांची चपळाई आजच्या उत्तम प्लॅस्टिकाच्याही शेकडो पट आहे. जेथे वेगापेक्षा स्वस्ताई व लवचिकपणा हवा, तेथेच प्लॅस्टिकचे काम.

पालकांस आमची एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी रसायन निवडते की पदार्थविज्ञान, असा वाद घरी घालू नये. वरील दार दोघांच्या हातांनीच उघडले आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व पवईची भारतीय प्रौद्योगिकी संस्था आमच्यापासून फार दूर नाहीत. पाटाच्या दारी उभे राहून पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्यांची मुले विजेचा हिशेबही ठेवू शकतील, असा आम्हास भरवसा वाटतो.