क्षार वाहून नेणारी प्रतिजैविके

रुग्णाच्या रक्ततपासणीच्या अहवालात सोडियम व पोटॅशियम यांचे आकडे असतात, हे नातेवाइकांना ठाऊक आहे. सोडियम बहुतांशी पेशीबाहेर आणि पोटॅशियम पेशीत, ही विभागणी टिकते तोवरच स्नायू व हृदय आपले काम करतात. पेशीचे आवरण स्निग्ध असल्याने विद्युतभारित धातुकण, म्हणजेच आयन, त्यातून आपणहून जाऊ शकत नाहीत. पेशी त्यांना आपल्या ठरावीक द्वारांनीच ये-जा करू देते.

मातीतील काही सूक्ष्मजीवांनी बनविलेली प्रतिजैविके हा बंदोबस्त मोडतात. व्हॅलिनोमायसिनचा रेणू कड्यासारखा असतो. त्याच्या पोकळीत पोटॅशियमचा आयन नेमका बसतो व स्निग्ध बाह्यांगामुळे हे कडे त्याला घेऊन आवरणापार जाते. सोडियमचा आयन लहान. तो त्यात नीट बसत नाही. रेने द्युबो यांनी १९३९ साली मिळविलेले ग्रामिसिडिन मात्र आयन वाहून नेत नाही, आवरणात आरपार नळीच घालते. जंतू मरतो हे खरे, परंतु तसेच आवरण आपल्या पेशींनाही आहे! म्हणून ग्रामिसिडिन डोळ्यांच्या थेंबांत चालते. रक्तात गेल्यास ते तांबड्या पेशी फोडते.

आपल्या जिल्ह्यात नवापूरचे कुक्कुटपालन प्रसिद्ध आहे. कोंबड्यांची रक्ती हगवण टाळण्यासाठी कुक्कुटखाद्यात मोनेन्सिन वा सॅलिनोमायसिन मिसळण्याची पद्धत जगभर आहे. (नवापुरात २००६ साली आलेला बर्ड फ्लू विषाणूजन्य होता; त्यावर यांचा उपयोग नाही.) मोनेन्सिन पेशीत सोडियम शिरविते. कोंबडीला वजनाच्या किलोमागे सुमारे २०० मिलिग्रॅम घातक ठरते, घोड्याला अवघे २ ते ३ मिलिग्रॅम. कारण घोड्याच्या शरीरातून ते फार सावकाश बाहेर पडते. सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडा आणणाऱ्यांनी कुक्कुटखाद्याचे उरलेले पोते त्याच्यापुढे कदापि रिकामे करू नये.

ब्राह्मणपुरी परिसरातील कुटुंबांनाही आमची विनंती आहे. खाद्यात मिसळावयाची तीव्र भुकटी स्वयंपाकघरात वा मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये. ती पोटात गेल्यास स्नायू दुखतात, अशक्तपणा येतो व लघवी गडद तपकिरी होऊ शकते. यावर उतारा नाही. शिरेतून द्रव देणे आणि हृदय व मूत्रपिंडे यांवर लक्ष ठेवणे एवढेच करता येते. लक्षणांची वाट न पाहता रुग्णाला आणावे आणि औषधाचे नाव व प्रमाण छापलेली पिशवी बरोबर घ्यावी.