लिनक्सवर कॉम्प्युटरचा फॅन आपल्या हाताने कसा सेट करायचा? (दुकानदारांसाठी धडा)



झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, दाखले, फोटो स्टुडिओ, डीटीपी यापैकी कोणताही धंदा करा, कॉम्प्युटर बंद म्हणजे गल्ला बंद. आपल्याकडे सीझन आणि ऊन साधारण एकाच वेळी येतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो. त्यात घोडेगावसारख्या ठिकाणी हायवेची धूळ, कांद्याच्या आणि जनावरांच्या बाजाराची वर्दळ, आणि दुकानाचं शटर दिवसभर उघडं. मग सीपीयूचा फॅन एकतर विमानासारखा ओरडतो, नाहीतर मुकाट्याने हळू फिरतो आणि मशीन गरम होऊन बंद पडते. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी हे झालं, तर समोरचं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. परत येईलच याची खात्री नाही.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे बऱ्याच जणांनी जुन्या मशीनवर उबंटू किंवा लिनक्स मिंट टाकलंय. निर्णय चांगला आहे, पण मदरबोर्ड कंपन्यांची फॅन सेट करायची सॉफ्टवेअर बहुतेक विंडोजसाठीच असतात. लिनक्सवर हे काम आपल्याला करावं लागतं. ते फुकट होतं आणि अवघड नाही. कमांडचा उच्चार इथे देतोय, नेमकं स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर आहे.

आधी फॅन कसा चालतो ते समजून घ्या

सीपीयूच्या फॅनला सहसा चार पिना असतात. चौथ्या पिनेवरून मदरबोर्ड फॅनला वेग सांगतो. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. लिनक्समध्ये हा आकडा ० ते २५५ असतो. २५५ म्हणजे फुल स्पीड. तीन पिनांच्या फॅनचा वेग व्होल्टेज कमी-जास्त करून बदलतात, आणि ती सोय मदरबोर्डमध्ये असेल तरच.

पायरी १ : सफाई

सॉफ्टवेअरला हात लावायच्या आधी मशीन बंद करा, वायर काढा आणि ब्लोअरने हीटसिंक साफ करा. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा. चार-पाच वर्षं जुनी मशीन असेल तर थर्मल पेस्ट बदला. जाळी धुळीने भरलेली असताना सेटिंग बदलणं म्हणजे पंक्चर टायर घेऊन गाडीचा वेग वाढवणं.

पायरी २ : तापमान बघा

'एलएम-सेन्सर्स' हे पॅकेज टाका. मग 'सुडो सेन्सर्स-डिटेक्ट' चालवा. ते एकामागून एक प्रश्न विचारतं, एंटर दाबत जा. फक्त शेवटी, सापडलेली मॉड्युल्स यादीत टाकू का, असं विचारेल तेव्हा 'येस' टाइप करा. तिथे नुसतं एंटर दाबलं तर उत्तर 'नो' धरलं जातं. मशीन रीस्टार्ट करून 'सेन्सर्स' कमांड द्या. प्रोसेसरचं तापमान आणि फॅनचे मिनिटाचे फेरे दिसतील.

दोन आकडे वहीत लिहा : मशीन शांत असतानाचं तापमान, आणि पंधरा मिनिटं जोरात काम केल्यानंतरचं.

पायरी ३ : बायोस तपासा

बऱ्याच मदरबोर्डच्या बायोसमध्ये 'स्मार्ट फॅन' किंवा तशा नावाचं सेटिंग असतं. तिथेच काम झालं तर पुढच्या पायऱ्यांची गरज नाही. उगाच जास्त सॉफ्टवेअर चढवू नका.

पायरी ४ : फॅन कंट्रोल

'फॅनकंट्रोल' पॅकेज टाका आणि 'सुडो पीडब्ल्यूएम-कॉन्फिग' चालवा. कोणता आकडा कोणत्या फॅनचा, हे शोधायला तो प्रत्येक फॅन थोडा वेळ थांबवून बघतो. म्हणून हे काम दुकान बंद असताना, बाकी सगळे प्रोग्रॅम बंद करून करा. गिऱ्हाईक समोर उभं असताना नको.

नंतर तो काही आकडे विचारतो. उदाहरण बघा :

- किमान तापमान ४५ : याच्या खाली फॅन सगळ्यात हळू
- कमाल तापमान ७० : याच्या वर फुल स्पीड
- सुरू व्हायचा आकडा ११० : थांबलेला फॅन फिरवायला एवढं लागतं
- थांबायचा आकडा ८० : याच्या खाली फॅन बंद पडू शकतो
- किमान वेग ८०, कमाल वेग २५५

सुरू व्हायचा आणि थांबायचा आकडा प्रत्येक फॅनचा वेगळा असतो. माझे आकडे कॉपी करू नका, तुमच्या मशीनच्या चाचणीत आलेले घ्या.

आता हिशेब. ४५ ते ७० म्हणजे २५ अंश. ८० ते २५५ म्हणजे १७५. म्हणजे दर अंशाला ७ ने वेग वाढतो. तापमान ५५ झालं की ८० अधिक ७०, म्हणजे १५०. ६० झालं की १८५. ऊन वाढलं, काम वाढलं, फॅन आपोआप वाढतो.

किमान वेग ० ठेवता येतो, मग थंड असताना फॅन पूर्ण थांबतो. दुकानात असं करू नका. फॅन थोडा तरी फिरता ठेवा.

शेवटी फॅनकंट्रोलची सर्व्हिस 'एनेबल' करा, म्हणजे मशीन चालू झाली की तीही चालू होईल. मग वहीतली चाचणी परत करा आणि आकडे ताडून बघा.

या चुका टाळा

१. आवाज नको म्हणून एकच ठरावीक आकडा टाकून मोकळे होऊ नका. सकाळी दहाला ठीक वाटेल, दुपारी दोनला मशीन तापेल आणि फॅन तेवढाच फिरेल. मॅन्युअल म्हणजे नियम आपण ठरवायचा, वेग तापमानाने ठरवायचा.

२. जास्त तापल्यावर प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, मग मशीन बंद होते. 'मशीन स्लो झाली' म्हणून नवीन रॅम घ्यायच्या आधी तापमान बघा. हजारभर रुपये वाचू शकतात.

३. मोठ्या अपडेटनंतर सेन्सरचे क्रमांक बदलू शकतात आणि सर्व्हिस सुरू होत नाही. तेव्हा पीडब्ल्यूएम-कॉन्फिग परत चालवा.

४. लॅपटॉपवर हा मार्ग बऱ्याचदा चालत नाही. थिंकपॅडसाठी 'थिंकफॅन' नावाचं वेगळं साधन आहे. पीडब्ल्यूएम सापडलंच नाही तर जबरदस्ती करू नका, सफाईवर भागवा.

यात धंदा कुठे आहे?

रिपेअरिंग करणाऱ्यांनी मार्चमध्येच 'उन्हाळी सर्व्हिस' सुरू करावी : सफाई, पेस्ट, फॅन सेटिंग. बिलावर आधीचं आणि नंतरचं तापमान लिहून द्या. गिऱ्हाइकाला काम डोळ्यांनी दिसत नाही, आकडा दिसतो. ७८ चे ६१ झाले हे कागदावर असलं की पैसे देताना घासाघीस कमी होते.

लिनक्स अजून नवीन वाटत असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही आहेत, तेही मोफत. आधी ते बघा.

आजचा गृहपाठ एवढाच : पायरी २ करा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. मोजल्याशिवाय सेटिंगला हात लावायचा नाही.