रोटरची किमान शिल्लक

मोहाली हे आखून वसविलेले शहर आहे. फेज आणि सेक्टर यांत विभागलेल्या या शहराचे रस्ते रुंद, सरळ आणि बहुतांशी सपाट आहेत. अशा रस्त्यावर वाहनाच्या ब्रेकची खरी कसोटी क्वचितच लागते. तथापि शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली, की याच वसाहतींतील मोठ्या एसयूव्ही गाड्या झिरकपूर, पिंजोर मार्गे परवाणू गाठतात आणि तेथून कसौली, सोलन, शिमल्याचा घाट चढू लागतात. नोकरीतील बदलीमुळे पंजाबात आलेली मराठी कुटुंबेही त्यांत असतात. चढताना परीक्षा होते ती इंजिनाची. उतरताना ती ब्रेकची होते आणि त्या परीक्षेत नापास होण्याची मुभा कोणालाच नसते.

या परीक्षेचे गणित अगदी सोपे आहे. १९०३ साली सुरू झालेल्या काल्का-शिमला रेल्वेमार्गावर काल्का स्थानक समुद्रसपाटीपासून ६५६ मीटर आणि शिमला स्थानक २,०७६ मीटर उंचीवर आहे. फरक १,४२० मीटरांचा. माणसे व सामानासह २,३०० किलो वजनाची गाडी एवढी उंची उतरते, तेव्हा सुमारे ३ कोटी २० लाख ज्यूल ऊर्जेची विल्हेवाट लावावी लागते. २५ अंशांचे शंभर लिटर पाणी उकळीपर्यंत नेण्यास साधारण एवढीच उष्णता लागते. त्यातील काही भाग हवेचा विरोध, टायरचे घर्षण व इंजिन यांच्या वाट्याला जातो. उरलेला सर्व भार चाकांमागे फिरणाऱ्या लोखंडी चकत्यांवर पडतो. या चकत्या म्हणजेच ब्रेक डिस्क किंवा रोटर.

रोटर सामान्यतः बिडाच्या लोखंडाचा असतो. ज्या धातूचा तवा आजही अनेक मराठी घरांत घावन-धिरड्यांसाठी राखून ठेवलेला असतो, त्याच जातीचा हा धातू. तो उष्णता भरपूर साठवतो, घर्षण सोसतो आणि स्वस्तही पडतो. मोठ्या गाड्यांच्या पुढील चाकांचे रोटर दुहेरी असतात. दोन चकत्यांमध्ये उभ्या पाकळ्या असून त्यांतून वारा खेळतो व उष्णता बाहेर पडते. चालकाने पेडल दाबले, की कॅलिपरमधील दट्ट्या दोन्ही बाजूंचे पॅड रोटरवर आवळतो. ब्रेक लागताना वजन पुढे झुकते, त्यामुळे अर्ध्याहून बराच अधिक भार पुढील जोडीवर येतो. नाशिकला तयार होणाऱ्या आणि २००२ साली बाजारात आलेल्या स्कॉर्पिओत पुढे डिस्क व मागे ड्रम ही रचना ठेवण्यात आली, तिचे कारणही हेच. नंतरच्या अनेक मोठ्या गाड्यांत चारही चाकांना डिस्क आल्या.

तापमानाचाही अंदाज घेता येतो. हीच गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून एकदा पूर्ण थांबविली, तर पुढील प्रत्येक रोटरचे तापमान सुमारे ६० अंशांनी वाढते. येथे रोटरचे वजन १० किलो धरले आहे. घाटात असे लहान-मोठे दाब एकामागून एक येत राहतात आणि मध्ये थंड होण्यास उसंत मिळत नाही. म्हणून उतारावर खालचा गिअर हाच पहिला ब्रेक मानावा. स्वयंचलित गिअरच्या गाडीतही खालचा गिअर निवडण्याची सोय असते. ती वापरण्यासाठीच दिलेली असते. इंधन वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय मात्र दुहेरी तोट्याची आहे. आधुनिक इंजिने गिअरमध्ये उतरताना इंधनाचा पुरवठा आपोआप थांबवितात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी उलट इंधन जळत राहते. काहीजण तर इंजिनच बंद करतात. मग ब्रेकला मिळणारे साहाय्य दोन-तीन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखे कठीण होते.

आता मूळ मुद्दा. रोटर हा झिजण्यासाठीच बनविलेला भाग आहे, पण तो किती झिजू द्यायचा याला सक्त मर्यादा असते. ही मर्यादा बहुधा रोटरच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर कोरलेली असते आणि वाहनाच्या दुरुस्ती-पुस्तिकेतही असते. उदाहरणार्थ, नवा रोटर २८ मि.मी. जाडीचा आणि किमान मर्यादा २६ मि.मी. असेल, तर मालकाला खर्चायला मिळतात ते फक्त २ मि.मी. उरलेले २६ मि.मी. ही बचत खात्यातील किमान शिल्लक समजावी. फरक एवढाच, की खात्यातील शिल्लक घटली तर दंड भरून सुटका होते. रोटर मर्यादेखाली गेला तर त्याची उष्णता साठविण्याची ताकद घटते, तडे जाण्याचा धोका वाढतो आणि दट्ट्या नेहमीपेक्षा अधिक बाहेर येतो.

ही शिल्लक डोळ्यांनी मोजता येत नाही. चकचकीत दिसणारा रोटर संपलेला असू शकतो. पाऊस किंवा धुक्याच्या रात्रीनंतर तांबूस पडलेला रोटर ठणठणीतही असतो. तो गंज चार-सहा ब्रेक लावताच निघून जातो. मोजमापासाठी मायक्रोमीटरच हवा. साध्या व्हर्नियरचा जबडा न झिजलेल्या बाहेरच्या काठावर टेकतो आणि जाडी प्रत्यक्षाहून अधिक दाखवितो. कडेपासून सुमारे एक सेंटिमीटर आत, गोलाकारात सहा ते आठ ठिकाणी मापे घ्यावीत आणि त्यांतील सर्वांत लहान माप ग्राह्य धरावे. सरासरी येथे कामाची नाही.

ग्राहकाची फसगत बहुतेकदा होते ती कंपनाच्या तक्रारीत. घाटातून परतल्यावर ताशी ८० च्या वेगाने ब्रेक लावताच स्टिअरिंग थरथरते. गॅरेजमध्ये तात्काळ निदान होते: रोटर वाकला, दोन्ही बदला. प्रत्यक्षात रोटर वाकणे हे फारच क्वचित घडते. बहुधा त्याच्या पृष्ठभागावर पॅडचा थर असमान बसलेला असतो, किंवा त्याची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा फरकही पायाला जाणवू शकतो, कारण या वेगाला चाक सेकंदाला सुमारे नऊ फेरे घेते आणि प्रत्येक फेऱ्यात तोच धक्का देते. असा थर बसण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे उतार संपताच ढाब्यापुढे गाडी थांबवून ब्रेकवर पाय तसाच दाबून ठेवणे. तापलेला पॅड रोटरवर एकाच जागी आपला ठसा उमटवितो. शेवटचे दोन-तीन किलोमीटर ब्रेक न वापरता सावकाश चालवावेत, म्हणजे वारा आपले काम करतो. तापलेल्या बिडाच्या तव्यावर गार पाणी ओतू नये हे स्वयंपाकघरात सर्वांना ठाऊक असते. परतीच्या वाटेवर गाडी थेट धुण्यास लावताना मात्र त्याचा विसर पडतो.

जाडीतील फरकाचे दुसरे कारण रोटरमध्ये नसून त्याच्या मागे असते. हबच्या तोंडावर गंजाची पापडी राहिली, तर रोटर किंचित तिरका बसतो. डायल गेज लावून हा हेलकावा मोजतात. तो ०.०५ मि.मी.पेक्षा, म्हणजे साध्या कागदाच्या निम्म्या जाडीपेक्षा अधिक असेल, तर कारण शोधावे. नेमकी मर्यादा वाहनाच्या पुस्तिकेत मिळते. चाकाचे नट हवेच्या बंदुकीने वाटेल तसे आवळल्यानेही हाच दोष उद्भवतो. हब साफ न करता नवे रोटर बसविले, तर काही हजार किलोमीटरांनी तीच थरथर परत येते आणि ग्राहक दुसऱ्यांदा पैसे मोजतो. जुन्या रोटरच्या बिलाबरोबर निदानही तपासून पाहावे, ते यासाठी.

लेथवर घासून रोटर सरळ करणे हा एक मार्ग आहे. पण तेथेही हिशेब आधी करावा. २६.८ मि.मी. उरलेल्या रोटरच्या दोन्ही बाजू ०.३ मि.मी. घासल्या, तर शिल्लक २६.२ मि.मी. राहते. खर्चायला उरते ०.२ मि.मी. एवढ्यासाठी मजुरी देणे शहाणपणाचे नाही.

बदलण्याचे काम अनुभवी मेकॅनिककडूनच करून घ्यावे, पण काय घडावयास हवे हे मालकाला माहीत असावे. रोटर एकाच अॅक्सलच्या दोन्ही बाजूंचे बदलतात आणि त्याबरोबर पॅडही नवे घालतात. गाडी केवळ जॅकवर न ठेवता आधाराच्या घोडीवर ठेवतात. सोडविलेला कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत न ठेवता तारेने टांगतात. त्याच्या सरकत्या पिना साफ करून त्यांना उच्च तापमानाचे ग्रीस देतात. या पिना अडकल्या, तर एक पॅड दुसऱ्याच्या कितीतरी आधी संपतो. नव्या रोटरवरील गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसले जाते, हब उजळतात आणि चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने ठरलेल्या मापावर आवळतात. गाडी हलविण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत दाबावे लागते. हे विसरल्यास पहिल्या वळणावर पाय थेट तळाशी जातो.

ब्रेक ऑइलचाही विचार याच वेळी करावा. हे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. ओलावा शिरल्यावर तो १५५ अंशांच्या आसपास येऊ शकतो. घाटात ते उकळले, की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि ब्रेक लागत नाही. पॅड, रोटर सारे नवे असूनही हे घडू शकते. दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे हा खर्च रोटरच्या मानाने किरकोळ आहे.

खर्चाविषयी आणखी एक बाब. झीज व घसारा यांची भरपाई सर्वसाधारण वाहन विम्यात मिळत नाही, त्यामुळे रोटरचा खर्च मालकाच्याच खिशातून जातो. कर्ज काढून जुनी एसयूव्ही घेणाऱ्याने तर खरेदीपूर्वीच रोटरची जाडी मोजून घ्यावी. चारही चाकांचे काम निघाले, तर तो आकडा किमतीच्या घासाघिशीत उपयोगी पडतो. प्रत्येक सर्व्हिसच्या बिलावर जाडीची नोंद मागावी. दोन नोंदींमधील फरक आणि धावलेले किलोमीटर यांवरून पुढील बदलीची वेळ बरीचशी अचूक सांगता येते.

नवे रोटर बसविल्यावर पहिले सुमारे ३०० किलोमीटर मोहालीच्या सपाट रस्त्यांवरच काढावेत. आरंभी मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून २० पर्यंत, मध्यम दाबाने, पूर्ण न थांबता आठ-दहा वेळा वेग कमी करावा आणि प्रत्येक वेळी मध्ये थोडे अंतर चालू द्यावे. पॅडचा पातळ, एकसारखा थर रोटरवर चढतो. शिमल्याचा बेत त्यानंतरच्या सुट्टीत आखावा.